रीबूट दिलं की मशीन अडकतं: सेफची आरबीडी इमेज डिस्क म्हणून जोडताना

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कॉलेजच्या लॅबमध्ये तीन सर्व्हरचा सेफ क्लस्टर आहे (सेफ म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एक सामायिक साठा करणारं सॉफ्टवेअर). त्यातली २ टेराबाइटची एक आरबीडी इमेज (त्या साठ्यातली, मशीनला डिस्कसारखी दिसणारी जागा) तुम्ही उबुंटूच्या मशीनला डिस्क म्हणून जोडली, तिच्यावर एक्सएफएस फाइलसिस्टीम बनवली आणि विद्यार्थ्यांचं काम त्यावर सुरू आहे. मशीन सुरू होताना डिस्क आपोआप यावी म्हणून आरसी-लोकलमध्ये दोन ओळी टाकल्यात, आधी मॅप (इमेज मशीनला डिव्हाइस म्हणून जोडणं) आणि मग माउंट (तिच्यावरची फाइलसिस्टीम एका फोल्डरवर उघडणं). चालू असताना काही त्रास नाही. पण रीबूट दिलं की मशीन बंद होता होता अडकतं आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या एका मशीनवरही हीच इमेज 'फक्त वाचायला' माउंट केली आहे, पण तिथे नव्या फाइली दिसत नाहीत.

रीबूटचं उत्तर देतोच, ते तुलनेनं सोपं आहे. पण माझा जीव त्या शेवटच्या वाक्यात अडकलाय. आधी दुसऱ्या मशीनवर जा, तिथून ती इमेज अनमाउंट करा, अनमॅप करा, आणि मगच पुढचं वाचा. रीबूटला अडकल्यानं तुमचा वेळ जातोय. त्या दुसऱ्या माउंटमुळे डेटा जाऊ शकतो.

कारण असं. एक्सएफएस काय किंवा ईएक्सटी४ काय, या फाइलसिस्टीम 'ही डिस्क फक्त माझी आहे' असं धरूनच लिहिलेल्या आहेत. कुठला ब्लॉक रिकामा, कुठल्या फोल्डरमध्ये काय, हे सगळं त्या मशीनच्या मेमरीत ठेवतात आणि डिस्कवरचं पुन्हा पुन्हा वाचत बसत नाहीत. एकाच खातेवहीवर दोन मुनीम बसवले आणि दोघंही आपापल्या आठवणीवर शिल्लक सांगू लागले, तर जे होईल तेच इथे होतं. तुमच्या दुसऱ्या मशीनला नव्या फाइली दिसत नाहीत, त्याचं कारण एवढंच: त्यानं माउंट करताना जे वाचलं तेच ते अजून दाखवतंय.

यावर 'पण मी तर रीड-ओन्ली माउंट केलंय' असं बहुतेक जण म्हणतात. इथेच फसगत होते. रीड-ओन्ली माउंटचा अर्थ 'तुम्ही' त्यावर लिहू शकत नाही, एवढाच. एक्सएफएसला माउंट करताना लॉग (बदलांची डिस्कवरची नोंदवही) अर्धवट दिसला, तर रीड-ओन्ली असतानाही ती आधी तो लॉग पुन्हा चालवते, म्हणजे डिस्कवर लिहिते. ईएक्सटी४ची जर्नलही तशीच वागते. आणि पहिलं मशीन चालू असताना लॉग कायम 'अर्धवट'च दिसणार, कारण तिकडे काम चाललेलं आहे. म्हणजे चालत्या मशीनच्या पायाखालची फाइलसिस्टीम दुसरं मशीन गुपचूप बदलतं, आणि पहिल्याला त्याचा पत्ता नसतो.

दुसरा भरवसा असतो तो एक्सक्लुझिव्ह लॉकवर. इमेजला हे फीचर आहे ना, मग दोन मशीन कशी लिहितील? लिहितात. हे लॉक सहकारी पद्धतीचं आहे: दुसऱ्यानं लिहायला मागितलं की पहिलं मशीन हातातलं काम पुरं करून लॉक सोडतं, मग स्वतःला लागलं की परत मागून घेतं. एका क्षणी एकच लिहितो, एवढंच ते बघतं. फाइलसिस्टीम दोघांत एकसारखी राहावी हे त्याचं काम नाही. खरा अडसर हवा असेल तर मॅप करताना एक्सक्लुझिव्ह हा पर्याय वेगळा द्यावा लागतो (कर्नेल ४.१२ पासून मिळतो). मग दुसऱ्यानं मागितलं तरी पहिलं मशीन लॉक सोडत नाही. मी सर्व्हरवरच्या प्रत्येक इमेजला हा पर्याय लावतो.

हे मी इतकं कळकळीनं का सांगतोय, तर एकदा पुरता पोळलो आहे. एका क्लायंटकडे दर काही दिवसांनी मुख्य सर्व्हरची एक्सएफएस स्वतःहून बंद पडायची. सिस्टीमच्या लॉगमध्ये ओळ यायची, 'करप्शन ऑफ इन-मेमरी डेटा डिटेक्टेड'. 'इन-मेमरी' वाचून आम्ही रॅमच्या मागे लागलो. रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, रॅमच्या पट्ट्या बदलल्या, एकदा तर अख्खा बोर्ड बदलला. पुन्हा तेच. मग एका रात्री सहज त्या इमेजवर 'आरबीडी स्टेटस' चालवलं आणि वॉचर्सच्या, म्हणजे इमेज उघडून बसलेल्या मशीनच्या, यादीत दोन आयपी दिसले. दुसरा आयपी बॅकअप सर्व्हरचा होता. रोज रात्री बॅकअपची स्क्रिप्ट इमेज मॅप करायची, रीड-ओन्ली माउंट करायची, फाइली उचलायची आणि सोडून द्यायची. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं रीड-ओन्ली लिहून काळजी घेतली होती, आणि त्याच विश्वासानं आम्ही कुणी तिकडे बघितलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही आत्ता करायचं ते या क्रमानं करा. दुसरं मशीन सोडवलंत की पहिल्यावरच्या महत्त्वाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. 'आरबीडी स्टेटस' बघा, एकच वॉचर उरला पाहिजे. मग काम थांबवून पहिल्या मशीनवरही नीट अनमाउंट करा, इमेजचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या, आणि त्यानंतर एक्सएफएस-रिपेअर 'डॅश एन' लावून चालवा. 'डॅश एन'मुळे तो फक्त तपासतो, काही बदलत नाही. काही न निघालं तर नशीब चांगलं. निघालं तर लगेच दुरुस्तीला लागू नका, आणि कुठे वाचून 'डॅश कॅपिटल एल' तर मुळीच लावू नका. तो लॉगच पुसून टाकतो.

दुसऱ्या मशीनला डेटा खरंच हवा असेल, तर कशासाठी हवा आहे यावर उत्तर ठरतं. दोन्हीकडून रोजच्या रोज चालू फाइली हव्या असतील तर ब्लॉक डिस्क हा मार्गच नाही. सेफएफएस (सेफचीच, अनेक मशीननी एकत्र वापरायची फाइलसिस्टीम) वापरा, नाहीतर पहिल्या मशीनवरून एनएफएसनं नेटवर्कवर फोल्डर द्या. लॅबसाठी एनएफएस पुरतं आणि समजायलाही सोपं. जीएफएस२, ओसीएफएस२ अशा एकाच डिस्कवर अनेक मशीननी लिहायच्या फाइलसिस्टीम आहेत, पण त्यांच्यासोबत फेन्सिंग (बिघडलेलं मशीन डिस्कपासून तोडणं) आणि क्लस्टर सांभाळणं येतं. पूर्णवेळ माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बॅकअप किंवा तपासणीसाठी ठरावीक क्षणाची प्रत पुरत असेल, तर पहिल्या मशीनवर एफएस-फ्रीझ करून (म्हणजे लिहिणं क्षणभर थांबवून) स्नॅपशॉट घ्या, फ्रीझ काढा, आणि दुसरीकडे तो स्नॅपशॉट मॅप करा. स्नॅपशॉट मॅप होतो तोच रीड-ओन्ली, म्हणजे इथे डिव्हाइसच लिहू देत नाही. त्यावर एक्सएफएस माउंट करताना रीड-ओन्लीच्या जोडीला 'नोरिकव्हरी' द्या, नाहीतर लॉग चालवता येत नाही म्हणून ती माउंटच होणार नाही. त्याच मशीनवर मूळ इमेजही माउंट असेल तर 'नोयूयूआयडी'ही लागेल, कारण दोन्हींची ओळख एकच आहे.

आता रीबूट.

आरबीडी इमेज ही कुठल्या एका सर्व्हरवर पडलेली फाइल नसते. ४ मेगाबाइटच्या तुकड्यांत ती सगळ्या ओएसडींवर (सेफच्या एकेका डिस्कचा कारभार बघणाऱ्या सर्व्हिसवर) पसरलेली असते. तुमच्या २ टेराबाइटचे कमाल ५,२४,२८८ तुकडे, आणि साधारण सेटिंग असेल तर प्रत्येकाच्या ३ प्रती. कुठला तुकडा कुठे आहे हे तुमच्या मशीनचा कर्नेल स्वतःच हिशेब करून ठरवतो आणि थेट त्या ओएसडीशी बोलतो. मध्ये कुणी नाही. हा ड्रायव्हर लिनक्समध्ये २०११च्या जानेवारीत, २.६.३७ बरोबर आला. त्याचं सगळं कसब हेच की तो वरच्या फाइलसिस्टीमला साधी डिस्क वाटतो. तुमच्या रीबूटची अडचणही नेमकी त्यातूनच येते.

सिस्टमडी, म्हणजे उबुंटूत सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, मशीन बंद करताना ठरवतो की कुठले माउंट नेटवर्कच्या आधी सोडायचे आणि कुठले नंतर. एनएफएस असेल तर प्रकारावरूनच कळतं की हे नेटवर्कचं आहे. तुमच्याकडे प्रकार आहे एक्सएफएस, म्हणजे त्याच्या लेखी घरचीच डिस्क. आरसी-लोकलमधून हातानं माउंट केल्यामुळे त्याला दुसरी काही खूणही मिळत नाही. मग नेटवर्क आधी जातं, आणि अनमाउंट करताना एक्सएफएस उरलेलं लिहायला निघते तेव्हा तार तुटलेली असते. कर्नेल क्लायंटला अशा वेळी कालमर्यादा नसते, तो वाटच बघत राहतो. स्क्रीनवर तुम्ही पाहिलं असेल: लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे सरकतात, 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' अशी ओळ, मिनिटांचा आकडा वाढतोय, आणि मध्येच १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकल्याची कर्नेलची तक्रार. ती प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत अडकलेली) असते, किल नऊनंही मरत नाही. 'अनमॅप'ला फोर्स लावूनही उपयोग होत नाही, कारण तोसुद्धा चालू विनंत्या पुऱ्या व्हायची वाट बघतो.

बरेच जण इथे वैतागून टाइमआउटचा पर्याय शोधतात. मी तो लावत नाही. चालू मशीनवर ओएसडी अर्धा मिनिट गायब झाला आणि परत आला, तर वाट बघणाऱ्या मशीनवरचं काम थांबून पुन्हा सुरू होतं, एकही बाइट न हरवता. टाइमआउट लावला असेल तर तीच घटना फाइलसिस्टीमला 'डिस्क खराब' अशी दिसते आणि एक्सएफएस बंद पडते. ज्यांनी ओपन-आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडायची दुसरी पद्धत) वापरलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे सुरुवातीचं सेटिंग १२० सेकंद थांबून वर एरर देण्याचं असतं. वाट बघणं बरोबरच आहे, चुकतोय तो बंद होण्याचा क्रम.

क्रम दुरुस्त करायला सेफसोबतच आरबीडीमॅप नावाची सर्व्हिस मिळते. आरसी-लोकलमधल्या दोन्ही ओळी काढा. ईटीसीतल्या सेफ फोल्डरमध्ये आरबीडीमॅप नावाची फाइल आहे, तिच्यात एका ओळीत पूलचं (इमेज ज्या गटात आहे त्याचं) नाव, स्लॅश, इमेजचं नाव, मग सेफच्या युजरचा आयडी, कीरिंगचा (त्याची किल्ली असलेल्या फाइलचा) पाथ आणि ऑप्शन्समध्ये मघाचा एक्सक्लुझिव्ह लिहा. मग एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) माउंटची ओळ घाला. इथे दोन गोष्टी सांभाळा. डिव्हाइसचं नाव 'आरबीडी शून्य' असं लिहू नका. उद्या दुसरी इमेज आधी मॅप झाली तर शून्य तिचा होईल. डेव्हमध्ये आरबीडी फोल्डरखाली पूल आणि इमेजच्या नावानं जो पाथ बनतो तोच वापरा. आणि पर्यायांत 'नोऑटो' लिहा. नोऑटो लिहिलं तर माउंट कसं होईल, असं वाटेल. पण मॅप झाल्यावर एफएसटॅब बघून माउंट करायचं काम आरबीडीमॅपच करतो. नोऑटो नसेल तर सिस्टमडी डिव्हाइस तयार व्हायच्या आधीच माउंट करायला धावतो आणि सुरू होतानाच मशीन खोळंबतं. सर्व्हिस इनेबल करा. ती नेटवर्क आल्यावर सुरू होते, म्हणून बंद होताना उलट्या क्रमानं नेटवर्क जायच्या आधी थांबते, आणि थांबताना अनमाउंट व अनमॅप करते. तुम्हाला हवं होतं ते हेच.

एवढ्यावर काम झालं असं मात्र समजू नका. त्या डिस्कवर डेटाबेस, डॉकर किंवा विद्यार्थ्यांच्या जॉबची सर्व्हिस चालत असेल तर तिच्या सिस्टमडी युनिट फाइलमध्ये 'आफ्टर आरबीडीमॅप' लिहायलाच हवं. नाहीतर बंद होताना फाइली उघड्याच राहतात, अनमाउंट 'बिझी' म्हणून नाकारला जातो आणि तुम्ही परत त्या लाल चांदण्यांसमोर. सुरू होतानाचा धोका तर आणखी छुपा. डिस्क यायच्या आधी सर्व्हिस उठली, तर ती रिकाम्या माउंट-फोल्डरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या डिस्कवर लिहायला लागते. मग वरून इमेज माउंट होते आणि ते लिहिलेलं झाकलं जातं. 'सकाळच्या फाइली गायब झाल्या' असं कुणी सांगितलं की मी आधी माउंट काढून त्या फोल्डरच्या पोटात बघतो. यावर एक साधा उपाय आहे: काही माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचअ‍ॅटर प्लस आय' लावून ठेवा. मग रूटलाही त्यात फाइल बनवता येत नाही, पण माउंट मात्र नेहमीसारखा होतो.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या, पण तीन सर्व्हरच्या लॅबमध्ये हमखास दिसणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, इमेज जोडलेलं मशीन हे त्या तीन सर्व्हरपैकीच एक असेल तर तिथून हलवा. मेमरी भरत आली की कर्नेल डिस्कवर लिहून जागा मोकळी करू बघतो, ते लिहिणं त्याच मशीनवरच्या ओएसडीकडे जातं, आणि ओएसडीला तेवढ्यासाठीच मेमरी हवी असते. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. तिथेच वापरायची असेल तर व्हर्च्युअल मशीनला क्यूईएमयूमधून (ते मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममधून), लिबआरबीडीच्या वाटेनं, म्हणजे कर्नेलच्या बाहेरून द्या. दुसरी, क्लायंटवर अ‍ॅडमिनची कीरिंग ठेवली असेल तर काढा. त्या मशीनवर ज्याला रूट मिळेल तो अख्खा क्लस्टर पुसू शकतो. त्या एका पूलपुरता वेगळा युजर बनवा आणि त्याला 'प्रोफाइल आरबीडी'चे अधिकार द्या. हे अधिकार मुद्दाम सांगतोय: मशीन अचानक मेलं की त्याचा वॉच सुटायला साधारण ३० सेकंद लागतात, आणि मग त्याचं जुनं लॉक मोडण्यासाठी नव्या क्लायंटला मेलेल्याला ब्लॉकलिस्ट करावं, म्हणजे क्लस्टरकडून त्याच्यावर बंदी घालवून घ्यावी लागते. जुन्या पद्धतीनं नुसते वाचन-लेखनाचे अधिकार दिलेले असले तर ते जमत नाही आणि डिस्क मॅप होऊनही लिहिता येत नाही.

कधी मॅपच होत नसेल, तर डीमेसेजची (कर्नेलच्या संदेशांची) शेवटची ओळ बघा. 'अनसपोर्टेड फीचर्स' आणि पुढे शून्य-एक्स-३८ असं दिसलं तर तुमचा कर्नेल जुना आहे: इमेजची ऑब्जेक्ट-मॅप आणि फास्ट-डिफ ही फीचर्स कर्नेल ५.३ पासून चालतात, डीप-फ्लॅटन ५.१ पासून. कर्नेल बदलता येत नसेल तर ती फीचर्स बंद करा. किंवा आरबीडी-एनबीडी वापरा, त्यात सगळी फीचर्स चालतात, पण डिस्कचा जीव एका साध्या प्रोसेसमध्ये असतो. ती मेली की डिस्क गेली. म्हणून सर्व्हरवर मी कर्नेलचाच ड्रायव्हर पसंत करतो. काहीच एरर नाही आणि मॅप नुसताच लटकलाय, तर फायरवॉल बघा. सेफच्या मॉनिटर सर्व्हिसचे ३३०० आणि ६७८९ हे पोर्ट उघडून भागत नाही, क्लायंटला प्रत्येक ओएसडीपर्यंत पोहोचता यायला हवं.

आणि मॅप होतो, फोल्डर दिसतात, पण मोठी फाइल टाकली की सगळं गोठतं, असं झालं तर एमटीयू, म्हणजे नेटवर्कवरच्या एका पाकिटाचा कमाल आकार, बघा. सर्व्हरवर ९००० लावलंय आणि मधला स्विच १५००वरच आहे, हे मी दोनदा तरी पाहिलंय. छोटी पाकिटं जातात, मोठी मध्येच पडतात. तुकडे न करता ८९७२ बाइटचं पिंग प्रत्येक ओएसडीला टाकून बघा, मिनिटभरात कळेल.

सगळं लावून झालं की विद्यार्थी नसताना एक मोठी फाइल कॉपीला लावा आणि ती चालू असतानाच रीबूट द्या. कॉपी अर्धवट तुटेल, ते ठीक आहे, पण मशीन न अडकता बंद झालं पाहिजे आणि परत आल्यावर डिस्क जागेवर दिसली पाहिजे. हे तीनदा करा, एकदाच नको. क्रमाच्या चुका कधी दिसतात, कधी लपतात. मात्र ही चाचणी एक्सएफएसची तपासणी स्वच्छ निघाल्यावरच. तोपर्यंत मशीन रीबूट करावंच लागलं, तर आधी हातानं सर्व्हिस थांबवा, अनमाउंट करा, अनमॅप करा आणि मग रीबूट द्या, म्हणजे ते पॉवरचं बटण दाबावं लागणार नाही. 'डॅश एन'च्या तपासणीत काही निघालं तर ते पूर्ण आउटपुट, 'आरबीडी स्टेटस' आणि तुमचा कर्नेल कुठला, एवढं मला कळवा. बघून सांगतो, आणि तोवर त्या स्नॅपशॉटला हात लावू नका.